तुमच्याकडे याला काय म्हणतात?

(दहावीच्या १९८१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि वर एक अट घातली आहे. डॉक्टर आहेस म्हणून साखर, रक्तदाब आणि गुडघे या विषयांवर बोलायचं नाही. अट मान्य. गुडघ्याचं नाव एकदाच येईल, तेही औषधासाठी नाही. आज मला बोलायचं आहे ते आपल्या शब्दांवर. आपण पुस्तकातून शिकलो त्या शब्दांवर नाही, तर घरून ट्रंकेत भरून आणले होते, त्या शब्दांवर.

शहरातल्या मुलांना कदाचित आठवणार नाही, पण वसतिगृहातल्यांना नक्की आठवेल. आमच्या मुलींच्या खोलीत आम्ही सहाजणी होतो. मी गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली. एक मालवणकडची, एक अमरावतीकडची, एक धुळ्याची, एक नांदेडची आणि एक पुण्याजवळचीच, पण वडिलांची सारखी बदली होते म्हणून ठेवलेली. सहाजणींची मातृभाषा कागदोपत्री मराठी. पहिल्या आठवड्यात मात्र आम्हाला एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं.

पहिल्याच रात्री अमरावतीकडची रडत बसली होती. रेक्टरबाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, "मले इथं गमत नाही." बाईंना वाटलं, मुलगी 'गंमत नाही' म्हणते आहे. त्या म्हणाल्या, "अगं, इथे अभ्यासाला आलीस, गमतीला नाही." ती बिचारी आणखीच रडायला लागली. गमत नाही म्हणजे करमत नाही, घरची आठवण येते, जीव लागत नाही. मला ते कळलं, कारण मलाही तेव्हा अजिबात करमत नव्हतं. शब्द वेगळा, पण रडणं एकच होतं.

मग जेवणाच्या ताटावर घोटाळे सुरू झाले. तिने एकदा वाढणाऱ्या मावशींना "भाजीवर सांबार नाही टाकला का?" असं विचारलं. मावशी चक्रावल्या. बटाट्याच्या भाजीवर सांबार कशाला? तिच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भात सांबारवडी म्हणतात ती कोथिंबिरीची, तिचा इडलीशी काही संबंध नाही. टोमॅटोला ती भेदरे म्हणायची. ती आणि नांदेडची, दोघींच्या तोंडी पेरूला शब्द होता 'जाम'. मालवणकडचीच्या डोळ्यांसमोर जाम म्हटलं की पांढरं, पाणीदार, घंटेसारखं फळ यायचं. आणि पुण्याच्या मुलीला जाम म्हणजे फक्त 'खूप', जाम भूक लागली, जाम कंटाळा आला. एका वाक्यात सांगायचं तर नांदेडच्या मुलीला जाम जाम आवडायचा.

डांगराची तर तीन रूपं निघाली. धुळ्याच्या मुलीचं डांगर म्हणजे लाल भोपळा. अमरावतीचं डांगर म्हणजे खरबूज, नदीच्या वाळूतल्या वाडीतलं. पुण्याच्या मुलीच्या आजीचं डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, कांदा घालून ताकात कालवलेलं. आणि मी सांगितलं की आमच्याकडे भाकरीबरोबर कोरड्यास असतं, तर सगळ्या म्हणाल्या, कोरडं काय खायचं? आमचं कोरड्यास पातळ असतं, आमटीसारखं. कोरड्या भाकरीला तोंडीलावणं म्हणून ते कोरड्यास.

हे सगळं हसण्यावारी गेलं. वर्गात मात्र ते हसणं वेगळं झालं.

आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूर भागात, बायका आणि मुलीसुद्धा "मी येतो", "मी जेवलो" असं म्हणतात. माझी आई तसंच बोलायची, आजी तसंच बोलायची. आठवीच्या पहिल्या महिन्यात मी वर्गात उभी राहून म्हणाले, "बाई, मी वही घेऊन येतो." सगळा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "येतो हो येतो!" म्हणालं. (तो आज इथे आहे. घाबरू नकोस, नाव सांगत नाही.) दुसऱ्या दिवशी अमरावतीकडची उत्तर देताना म्हणाली, "मी धडा वाचून राहिली." पुन्हा तेच. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. हे मी तिच्या परवानगीने सांगते आहे. प्रश्न विचारला की नुसती उभी राहायची. उत्तर येत असायचं, पण बोलायची नाही. दिवाळीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा लागला होता. लक्ष तर तिचं सगळ्यांपेक्षा जास्त होतं. कोणता शब्द हसण्याजोगा ठरेल, इकडेच ते सगळं लागलेलं असायचं.

मराठीच्या बाईंनी हे ओळखलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर खडूने सहा-सात उभे रकाने आखले. वर जिल्ह्यांची नावं लिहिली आणि डावीकडे एक शब्द लिहिला, 'शेत'. मग एकेकाला विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मी म्हणाले 'रान'. पुस्तकात रान म्हणजे जंगल, पण आमचा बाप रानात गेला म्हणजे शेतात गेला. मालवणकडची म्हणाली 'मळो'. नांदेडची म्हणाली 'वावर'. मग बाईंनी अमरावतीच्या रकान्याशी खडू धरला आणि तिच्याकडे बघत थांबल्या. बराच वेळ थांबल्या. शेवटी ती म्हणाली, "वावर." बाईंनी नांदेड आणि अमरावती एका रेघेने जोडलं आणि म्हणाल्या, "बघा, दोघींची गावं इतक्या लांब आणि वावर एकच." तिच्या तोंडून कित्येक महिन्यांनी वर्गात शब्द बाहेर पडला होता.

त्या दिवशी बाईंनी एक नियम केला. परीक्षेत प्रमाणभाषेत लिहायचं, ते यायलाच हवं, त्यात सूट नाही. पण वर्गात कुणाच्या शब्दाला हसायचं असेल, तर आधी विचारायचं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" उत्तर ऐकून झाल्यावर हसू आलं तर खुशाल हसा. गंमत अशी की विचारून झाल्यावर हसू यायचं, पण ते सगळ्यांना मिळून यायचं.

तो रकान्यांचा खेळ पुढे तीन वर्षं चालला आणि त्यातून आम्हाला एक मोठी गोष्ट कळली. वेगळ्या शब्दांपेक्षा जास्त फसवतात ते सारखे शब्द. वेगळा शब्द ऐकला की माणूस निदान थबकतो, विचारतो. ओळखीचा शब्द ऐकला की आपल्याच अर्थाने पुढे निघून जातो. आमच्याकडे पावसाने अंगणात 'राडा' होतो, म्हणजे चिखल होतो. मुंबईच्या मुलाने राडा ऐकला की त्याला हाणामारी दिसते. आमच्याकडे एखाद्याला 'गडी भारी हाय' म्हटलं तर कौतुक, पुण्याच्या वाड्यात गडी म्हणजे नोकर. 'वाईच थांब' म्हटलं तर पुण्याची मुलगी विचारायची, मध्येच वाई कुठून आली? 'नाद' म्हणजे पुस्तकात आवाज, वडीलधाऱ्यांच्या तोंडी वाईट सवय, आणि आता आमच्या कोल्हापूरच्या पोरांच्या तोंडी 'नाद खुळा' म्हणजे यापेक्षा सरस काही नाहीच.

शिव्यांचंही तसंच. गुरुजन समोर आहेत, म्हणून सौम्य तेवढ्याच घेते. मालवणकडचीची आई पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा बरोबर आणलेल्या धाकट्या भावाला म्हणाली, "मेल्या, खंय होतंस?" पुण्याची मुलगी दचकली, आई मुलाला मेल्या कशी म्हणते? मी दचकले नाही, कारण माझी आजी माझ्या भावाला "मुडद्या, कुठं उलथला होतास?" असंच म्हणायची आणि लगेच पुढ्यात लोणी-भाकरी ठेवायची. नागपूर-अमरावतीकडची मुलं एकमेकांना 'बे' म्हणतात. पुण्यात तो उद्धटपणा वाटतो, तिकडे ती जवळीक. ज्याच्याशी पटत नाही त्याला कुणी 'काय बे' म्हणत नाही, त्याला 'काहो' म्हणतात. शब्द कोशात शोधून हे कळत नाही. कोण कुणाला, कुठल्या आवाजात म्हणतंय, ते ऐकावं लागतं.

हे सारं मला पुढे किती उपयोगी पडेल, याची तेव्हा कल्पना नव्हती. शिक्षण संपवून मी सरकारी आरोग्यसेवेत गेले आणि बदल्यांच्या निमित्ताने जवळजवळ सगळे रकाने फिरून आले.

सिंधुदुर्गात होते तेव्हा एक मुलगा म्हाताऱ्या आईला घेऊन आला. म्हणाला, "आवशीक कालपासून जोर इलो हा." शेजारी माझा नवा सहकारी बसला होता, देशावरचा. तो हसून म्हणाला, "जोर आलाय? मग छान आहे की!" मालवणीत जोर म्हणजे ताप. ज्वर या शब्दाचंच ते रूप. मला ते आठवीपासून माहीत होतं, कारण आमच्या खोलीत एकीला दर पावसाळ्यात जोर यायचा. दिवस लावणीचे होते. भाताच्या चिखलात उभं राहून काम करणारं माणूस आणि अंगात ताप, म्हणजे तिथे लेप्टोची शंका आधी घ्यायची असते. उपचार लगेच सुरू केले. म्हातारी आठवड्याने चालत घरी गेली.

यवतमाळ जिल्ह्यात होते, तेव्हा रात्री अकराला एकजण दाराशी आला. "बुढा मरून राहिला जी, चला लवकर." पश्चिम महाराष्ट्रातून नुकत्याच बदलून आलेल्या कर्मचाऱ्याने ते ऐकलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, गेलाच आहे तर आता सकाळी कागदपत्रं करू." मी चपला घालून निघाले होते. 'वाचून राहिली' म्हणजे वाचते आहे, हे मी आठवीत शिकले होते. 'मरून राहिला' म्हणजे मेलेला नव्हे, मरतो आहे, म्हणजे अजून जिवंत आहे. म्हातारा दम लागून उठून बसला होता, छातीत पाणी भरलं होतं. इंजेक्शन दिलं आणि जीपने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवला. त्यानंतर तो चार वर्षं जगला आणि दर पोळ्याला माझ्यासाठी पुरणपोळ्या पाठवत राहिला. ज्या क्रियापदाला आपला वर्ग हसला होता, त्याच क्रियापदाने तो माणूस वाचला. म्हणून म्हणते, हा विषय नुसता गमतीचा नाही.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. आमच्या भागात म्हाताऱ्याच्या बाबतीत 'अंगावरून गेलं' म्हणाले, तर 'वारं' हा शब्द गृहीत धरायचा आणि लकवा समजून धावायचं. बाईच्या बाबतीत 'अंगावरून जातंय' म्हणाले, तर विचारायचं ते वेगळंच. ती म्हणाली 'बाहेरची आहे', तर ती घराबाहेर गेलेली नसते. जुन्या बायका कावळा शिवला म्हणतात, त्यात कावळा कुठेच नसतो. आणि आता तो कबूल केलेला गुडघा. वऱ्हाडात तो टोंगळा. ढोपर मात्र कुठे गुडघा आणि कुठे कोपर. म्हणून 'ढोपर दुखतंय' असं कुणी म्हटलं की मी आधी म्हणायचे, बोट ठेवून दाखवा.

मग प्रश्न पडतो, एकाच भाषेत इतका फरक का? त्यात कुणाचा अडाणीपणा नाही, आपला इतिहास आहे. आपल्यातले बहुतेकजण महाराष्ट्र राज्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच लहान आहोत. १ मे १९६० ला हे राज्य झालं. त्याआधी मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. आमच्या कोल्हापूर-सोलापूरला कानडी शेजार, खानदेशाला गुजराती. मध्ये सह्याद्री उभा. नांदेडच्या शेजारच्या तेलुगूतही पेरूला जामच म्हणतात. तेव्हा आमची नांदेडची मैत्रीण चुकत नव्हती, ती तिच्या शेजाऱ्यांशी जोडलेली होती.

आणि अशुद्ध कुणाला म्हणायचं? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो ते 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते रिद्धपूरला. हे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. वर्गात तोंड मिटून बसलेली आमची मैत्रीण त्याच भागातली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या खानदेशातल्या आपल्या बोलीत ओव्या रचत राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता छापून आल्या. आज त्या पाठ्यपुस्तकात आहेत. आपण दहावीला गेलो त्याच वर्षी, १९८० मध्ये, 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं आणि मालवणी ऐकायला मुंबईकरांनी पुढे कित्येक वर्षं तिकिटं काढली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या तुकडीच्या ग्रुपवर अभिनंदनाच्या संदेशांचा पाऊस पडला. तो दर्जा जितका पुण्याच्या मराठीचा, तितकाच मळोचा, वावराचा आणि रानाचा.

पण एक बोच आहे, ती बोलून दाखवते. आपल्या पिढीने या बोली घरातसुद्धा बाजूला ठेवल्या. मुलांना कुणी हसू नये म्हणून आपण त्यांच्याशी पुस्तकासारखं बोललो. त्यामागे माया होती, मी ती चूक मानत नाही. परिणाम मात्र असा झाला, की धुळ्याच्या मैत्रिणीच्या नातवाला आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी हे माहीत नाही. ती अहिराणीत बोलली की तो म्हणतो, आजी, सीरियलमधल्या कामवालीसारखं बोलू नको. बोली त्याला भेटली ती तिथेच, विनोदाला किंवा नोकराच्या तोंडी. आपल्याच आजीची भाषा त्याला नक्कल वाटते.

आणि हा प्रश्न फक्त नातवंडांचा नाही. शाळेच्या सध्याच्या शिक्षकांशी सकाळी बोलले. बांधकामावर, कंपन्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं आता शाळेत आहेत. लातूरची, बीडची, वाशीमची, नंदुरबारची. म्हणजे फळ्यावरचे रकाने आजही तेच आहेत. त्यातलं एखादं पोरगं आजही तोंड मिटून मागच्या बाकावर बसलेलं असेल आणि त्याच्याही पुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा पडत असेल.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्या सगळ्यांकडे. बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर मी एक जाड वही ठेवली आहे. रकाने आखून आणले आहेत. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरचे निदान दहा शब्द त्यात लिहायचे, अर्थासकट, आणि ते कोण, कुणाला, कधी म्हणायचं तेही लिहायचं. शिव्याही चालतील, संपादक मंडळ बघून घेईल. कुणाची आई, आत्या, काका अजून असतील त्यांनी आज रात्री फोन करून विचारा. काही शब्द आता एकेका माणसाकडेच उरले आहेत.

दुसरी मागणी शिक्षकांकडे. मराठीच्या बाई आज आपल्यात नाहीत, पण त्यांचा नियम इथेच केलेला आहे आणि तो कुणी रद्द केलेला नाही. ती वही आम्ही शाळेला देणार आहोत. आठवीच्या वर्गात महिन्यातून एक तास तो खेळ पुन्हा सुरू करा. फळ्यावर रकाने आखा, एक शब्द लिहा आणि मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघून विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तो लगेच बोलणार नाही. खडू हातात धरून थांबा.

माझी पंधरा मिनिटं संपली. मी येतो.